खारपाण पट्ट्यातली पाखरं

भातकुलीत विहीर खोदायचं कुणी काढलं की जाणती माणसं आधी गालात हसतात. पाणी लागणार, त्याविषयी वाद नसतो. ते तोंडात धरवणार नाही, हे खोदणाऱ्यालाही ठाऊक असतं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला. जवळपास ९०० गावं त्यात मोडतात, त्यांतलंच हे एक. काळी, खोल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी जमीन, आणि तिच्या पोटात मीठ. ह्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. वरूड-मोर्शीचा पाहुणा आला की संत्र्याच्या बगीच्याच्या गोष्टी सांगतो आणि आम्ही मुकाट ऐकतो, कारण संत्रा आमच्याकडे तग धरत नाही. पिण्याचं पाणी नळानं येतं, मेळघाटाच्या पायथ्याच्या शहानूर धरणातून. येतं तेव्हा येतं. बाकीचे दिवस घरोघर टाक्या, ड्रम, हंडे भरून ठेवलेले असतात आणि झाकणावर दगड असतो.

ही माणसांची सोय झाली. पाखरांचं काय, हा प्रश्न आमच्या घरात आईचा. "आपल्याले नळाची वाट तरी पाह्यता येते. त्यायनं कुठीसा जावं?" असं ती म्हणायची आणि भरल्या हंड्यातलं पहिलं तांब्याभर पाणी आवारातल्या निंबाखालच्या परळात ओतायची. बोअरचं ओतलं तर काय बिघडतं, असं घरात कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं: "तू पेतो काय थे?" तिला पक्षिशास्त्र ठाऊक नव्हतं, पण मुद्दा पक्का होता. समुद्रावरच्या पक्ष्यांना डोळ्यांच्या वर मीठ गाळून नाकावाटे बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, म्हणून कुरव पक्षी खारं पाणी पिऊन जगतो. आमच्या चिमणीला, साळुंकीला, बुलबुलाला तसली काही सोय नाही. त्यांची मूत्रपिंडं मीठ बाहेर टाकण्यात फार कच्ची असतात. तहानेनं खारं पाणी प्यायलं तर ते मीठ बाहेर काढायला अंगातलंच पाणी खर्ची पडतं, म्हणजे तहान वाढते. त्यात पाखरांना घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायची तर चोच उघडून धापा टाकणं हाच मुख्य मार्ग, आणि प्रत्येक धापेबरोबर अंगातलं पाणी उडून जातं. मे महिन्यात दुपारी निंबाच्या फांदीवर चोच वासून बसलेला कावळा आपण सगळेच पाहतो. होला जवळून पाहिला तर त्याचा गळा सारखा थरथरताना दिसतो. ती थरथर भीतीची नसते, तो गळ्यानं स्वतःला वारा घालत असतो.

अमरावती-अकोल्याच्या उन्हाळ्याबद्दल बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. २०२४ च्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा अकोल्यात प्रशासनानं उन्हामुळे जमावबंदीचं कलम लावलं होतं. रोहिणी नक्षत्राचे ते नऊ दिवस, ज्यांना आम्ही नवतपा म्हणतो, त्यांत दुपारी बारा ते चार गाव सुनसान असतं. माणसाचा जमाव करायला कायदा आडवा येतो, पण पाखरांचा जमाव त्याच वेळी भरतो, पाण्यापाशी.

आमचं आवार काही मोठं नाही. एक जुना निंब, एक बोर, कुंपणाला दोन मुंगणे, विहिरीच्या जागी (खोदली, चाखली, बुजवली) लावलेला एक जांब, गोडनिंब आणि आईची जास्वंद. भांडी धुतलेलं पाणी जांबाला जातं, आंघोळीचं मुंगण्याला. फुलझाडांची हौस खारपाण पट्ट्यात फार करता येत नाही. मातीच ठरवते काय जगायचं ते. पण निंब, बोर आणि बाभूळ ह्या तिघांना ह्या जमिनीचं वावडं नाही, आणि पाखरांना ह्या तिघांइतकं दुसरं काही लागतही नाही.

उजाडायच्या आधीच होले उतरतात. होल्याचं पाणी पिणं वेगळं. चिमणी किंवा साळुंकी चोचीत थेंब घेते, मान वर करते आणि तो घशाखाली उतरू देते. पुन्हा वाकते, पुन्हा मान वर. होला, पारवा आणि त्यांचा सगळा गोतावळा चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवतो आणि मान न उचलता ओढून घेतो, तांब्याला तोंड लावून प्यायल्यासारखा. त्यामुळे त्याचं काम लवकर उरकतं, आणि उघड्यावर मान खाली घालून बसण्याचा धोका तो थोडाच वेळ पत्करतो. आमच्याकडे शिक्रा येतो, त्यामुळे हा हिशेब खोटा नाही. परळ ठेवल्यानं फक्त चिमण्या येतील असं समजणाऱ्यांनी शिकऱ्याची तयारी ठेवावी. तोही भुकेलाच असतो, आणि त्याला हाकलण्याचा अधिकार मला आहे असं मला वाटत नाही. मांजराची गोष्ट निराळी. ते आमच्या घरचं दूध पिऊन वर शिकारीला जातं. म्हणून परळ झुडपाला लागून ठेवायचं नाही. झुडूप चार पावलांवर हवं, पाखराला पळून शिरता येईल इतकं जवळ आणि मांजराला दबा धरता येणार नाही इतकं दूर.

साळुंक्या पाणी पितात कमी आणि आंघोळच जास्त करतात. एक शिरली की परळ अर्धं रिकामं. बुलबुलाची जोडी काठावर बसून, शेपटीखालचा तांबडा ठिपका दाखवत, घाईनं दोन घोट घेते. सातभाई घोळक्यानं येतात, वाद घालत येतात, आणि त्यांच्यातला एक बोरीवर बसून राहतो. बाकीचे पीत असतात तोवर तो पहारा देतो. कावळा वाळलेल्या पोळीचा तुकडा आणून परळात भिजवतो, आणि कधी कुठल्या तरी घरच्या रश्श्यातलं हाडूक. त्याला चव आहे. धुणं मात्र माझ्याकडे. शिंजीर परळाकडे फिरकतही नाही. जास्वंदीला पाणी शिंपडलं की तो ओल्या पानावर अंग घासून न्हातो, एवढंसं पाखरू, त्याला एक पान पुरतं. एका बाबतीत सगळे सारखे हट्टी आहेत. त्यांना उथळ पाणी लागतं. दोन-तीन बोटं खोल, खडबडीत बूड, मध्ये पाय ठेवायला एखादा दगड. बाजारातल्या गुळगुळीत, खोलगट वाडग्यांवर पाखरू बसतं आणि घसरतं. स्टीलचं भांडं तर दुपारी तव्यासारखं तापतं. मातीच्या परळाला पर्याय मला अजून दिसलेला नाही. ते झिरपतं, म्हणून पाणी थंड राहतं.

मार्च उजाडला की पाण्याची भांडी टांगण्याचे कार्यक्रम होतात. प्लास्टिकची बाटली कापायची, तार ओवायची, झाडाला लटकवायची, फोटो काढायचा. कल्पना वाईट नाही. पण एप्रिलच्या शेवटी त्याच झाडाखालून जा आणि वर बघा. बाटलीत निंबाची पानं असतात. पाखरं जागा लक्षात ठेवतात. जिथे पाणी मिळायचं तिथे नवतप्यात भर दुपारी येऊन भांडं कोरडं दिसलं, तर दुसरीकडे शोधायला जाण्याइतकं त्राण उरलेलं नसतं. तेव्हा भरणार नसाल तर टांगू नका, असं मी तोंडावर सांगतो आणि त्यामुळे अशा कार्यक्रमांना मला सहसा कुणी बोलवत नाही.

पाणी रोज बदलायचं आणि परळ रोज घासायचं, काथ्यानं, राखेनं. ह्याला दोन कारणं. एक सगळ्यांना माहीत असलेलं. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि त्याला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. दुसरं कारण पाखरांच्या रोगाचं. होल्या-पारव्यांच्या घशात एक परजीवी असतो, लाळेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या घशात जातो. इंग्लंडमध्ये २००५ पासून हाच रोग बागांमधल्या हिरव्या फिंच पक्ष्यांत पसरला आणि त्यांची संख्या झपाट्यानं कोसळली. लोक प्रेमानं दाणे ठेवत होते, एकाच ताटलीत सगळी पाखरं येत होती, आणि ताटली धुवायचं राहून जात होतं. तिकडे पक्ष्यांना खायला घालण्याची रीत कडाक्याच्या थंडीतून वाढली. १८९०-९१ च्या हिवाळ्यात वर्तमानपत्रांनी लोकांना पावाचा चुरा बाहेर ठेवायला सांगितलं होतं. त्यांच्या पाखरांचा दुष्काळ जानेवारीत, आपल्या पाखरांचा मे महिन्यात. जानेवारीत आपल्याकडे हरभरा घाट्यावर येतो, तुरीच्या शेंगा भरतात, बोरं पिकतात, पाखरांची चैन असते. म्हणून तिकडची पुस्तकं वाचून इकडे दाणे टांगणाऱ्यांना मी ऋतू बघायला सांगतो.

दाण्यांचा विषय निघाला की वऱ्हाडात गाडगेबाबांना बाजूला ठेवता येत नाही. १८७६ साली शेणगावात जन्मलेला डेबू, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, लहानपणी मामाकडे दापुऱ्याला वाढला. मूर्तिजापूर तालुक्यातलं हे गाव पूर्णेकाठचं, म्हणजे ह्याच खाऱ्या पट्ट्यातलं. तो कष्टाळू शेतकरी होता. सांगतात ते असं: डेबूजी शेतात पाखरं हाकलत होते. वाटेनं जाणारा एक साधू थांबला आणि त्यानं विचारलं, ह्या दाण्यांचा मालक तू आहेस का? गोष्ट तेवढीच. पुढे १ फेब्रुवारी १९०५ ला डेबूजींनी घर सोडलं. साधूचा प्रश्न आणि घर सोडणं ह्यांच्यात सरळ दोरी ओढायची घाई मी करणार नाही. माणूस एका प्रश्नानं घर सोडत नाही. पण ह्या कथेत एक वऱ्हाडी खाच आहे. ती सांगणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ज्याला हा प्रश्न विचारला गेला तो हौशी बागवाला नव्हता. ज्वारीची कणसं राखली नाहीत तर वर्षभराची भाकर जाते, अशा घरातला होता. भरल्या पोटी पाखरांना दाणे टाकणं सोपं. शेत पिकवणाऱ्यानं गोफण खाली ठेवणं, ती खरी किंमत. बाबांच्या शिकवणीत भुकेल्याला अन्न आणि तहानेल्याला पाणी ह्यांच्या रांगेत पशुपक्ष्यांना अभयही येतं. ते अभय ह्या मातीत, ह्या राखणीच्या कामातून आलेलं आहे, असं मला वाटतं. २० डिसेंबर १९५६ ला त्यांनी देह ठेवला तो वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी. तीच पेढी आमच्या तालुक्यातून पुढे पूर्णेला जाते.

ज्वारीची राखण म्हणजे काय, हे आता आमच्या गावातल्या वीस वर्षांच्या पोराला सांगावं लागतं. मचाण, गोफण, पत्र्याचा डबा वाजवणं, आणि पहाटेपासून हाकारे. पाखरं म्हणजे मुख्यतः भोरड्या. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही मैना पावसाळा सरता सरता मध्य आशियातून येते. शेकड्यांनी, कधी हजारांनी. संध्याकाळी बाभळीवर उतरली की झाड काळं दिसतं आणि आवाजानं बोलणं ऐकू येत नाही. वसंतात त्यांची टोळी पळसावर आणि सावरीवर पडते आणि एप्रिलमध्ये परत जाते. तिकडे त्यांचा उन्हाळा टोळांवर जातो. चीनच्या शिंजियांगमध्ये टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून ह्याच पाखरांसाठी दगड-विटांची घरटी मुद्दाम बांधून दिली जातात. एकच पाखरू, एका गावात त्याच्यासाठी घर बांधतात आणि दुसऱ्या गावात त्याच्यावर गोफण फिरते. दोन्ही गावं आपापल्या परीनं बरोबर आहेत.

आता गोफणीचीही गरज उरलेली नाही, कारण ज्वारीच उरलेली नाही. वऱ्हाडचं पीक म्हणजे कापूस आणि ज्वारी, असं आमच्या शाळेच्या पुस्तकात होतं. सोयाबीन आलं, पाठोपाठ २००२ नंतर बीटी कापूस आला, आणि ज्वारी बांधापर्यंत, मग बांधाच्याही पलीकडे ढकलली गेली. कडब्याची गरज असलेले बैल कमी झाले, राखणीला माणूस मिळेना. आणि एक विचित्र गणित आहे. गावातली सगळी शेतं ज्वारीची होती तेव्हा पाखरांचं खाणं सगळ्यांत वाटलं जायचं, कुणा एकाला ते जड व्हायचं नाही. आता हौसेनं एखाद्यानं एकरभर ज्वारी पेरली तर पंचक्रोशीतली पाखरं त्याच्याच शेतात उतरतात, रात्री रोही आणि रानडुकरं येतात, आणि पुढल्या वर्षी तोही सोयाबीनच पेरतो. शेजारचे काका मागे हे करून बसले. मळणीनंतर हाती आलेली पोतडी दाखवून म्हणाले, "पाखरायची पेरनी केली म्या औंदा, घरच्या बियाण्यानं." त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि हिशेब जास्त होता.

सोयाबीनच्या कच्च्या दाण्याकडे चिमणी ढुंकून पाहत नाही. कपाशीत तिच्यासाठी दाणा नाही. म्हणजे हजारो एकर हिरवंगार शेत आणि त्यात दाणे खाणाऱ्या पाखराला ताट नाही. ज्वारी टाकतो ती मी ह्या कारणानं. मूठभर, सकाळी एकदाच, फरशीवर पसरून, दहा वाजेतो संपेल एवढीच. ह्यातून पाखरांचा उद्धार होतो असा माझा समज नाही. होले येतात, चिमण्या येतात, मुनियांची एक टोळी हिवाळ्यात येते, आणि मला ती पाहायला मिळतात. ह्या व्यवहारात घेणारा मी आहे.

देण्याच्या भावनेचं काय होतं, ते २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईनं पाहिलं. कबुतरखाने बंद करायचे ठरले, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, लोक रस्त्यावर उतरले, ताडपत्री फाटली, उच्च न्यायालयात वाद गेला. एका बाजूला कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेनं फुफ्फुसं कडक होणारे रुग्ण, दुसऱ्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांची जीवदया. आमच्या गावात आदिनाथांचं प्राचीन दिगंबर जैन क्षेत्र आहे, लांबलांबून लोक दर्शनाला येतात, त्यामुळे जीवदया हा शब्द आम्हाला पेपरात वाचावा लागत नाही. ह्या परंपरेनं दिल्लीच्या लाल मंदिरात जखमी पाखरांसाठी अख्खं रुग्णालय चालवलं आहे. तिची थट्टा करणाऱ्यांत मी नाही. अडचण दुसरी आहे. पोत्यानं धान्य पडतं तिथे एकच जात फोफावते. पारव्याला कड्यावरची कपार लागते, शहरानं त्याला हजारो कपारी बांधून दिल्या. त्यात बारमाही धान्य मिळालं की तो बारमाही पिल्लं काढतो. दया वाटून घ्यायची तर ती चोचीचोचीनं वेगळी करावी लागते. नीलपंखाला, कोतवालाला, वेड्या राघूला तुमच्या पोत्यातला एक दाणा उपयोगाचा नाही. ते किडे खातात.

चिमणीचंच पाहा. २०१० पासून २० मार्चला तिचा दिवस साजरा होतो, आणि ती संपत चालली असं दर वर्षी छापून येतं. २०२० च्या भारतीय पक्ष्यांच्या स्थिती-अहवालात मात्र देशभराचा विचार करता तिची संख्या जवळपास स्थिर निघाली. घट दिसली ती मोठ्या महानगरांत. आमच्या गावात ती आहे. पत्र्याच्या वळचणीला, जुन्या घरांच्या कौलांत, वीजमीटरच्या डब्यामागे. तिच्या पिल्लांना पाहायचं तर जून-जुलैत भेंडीच्या वाफ्याजवळ बसावं. मादी पानाच्या खालच्या अंगाला लटकून हिरवी अळी काढते, जमिनीवर दोनदा आपटते, मऊ करते आणि घरट्याकडे जाते. लगेच परत. दाणे खाणारी चिमणी पिल्लांना पहिले दिवस दाणा देतच नाही, त्यांना अळ्याच लागतात. त्याच वाफ्याशेजारी फरशीवर ज्वारी पडलेली असते आणि ती तिच्यावरून उडून जाते. भेंडीवर औषध मारलं की ती येणं बंद. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं शेतमजूर दगावले, तेव्हा हा विषय साऱ्या महाराष्ट्राला कळला. पाठीवर पंप घेतलेल्या माणसालाही ज्या विषानं सोडलं नाही, त्यानं अळी आणि अळी खाणारं पिल्लू ह्यांना सोडलं असेल, असं समजणं भाबडेपणाचं आहे.

नीलपंखाबद्दल मला अधिक काळजी वाटते. दसऱ्याला त्याचं दर्शन घ्यायला आमच्याकडे लोक सकाळी शेताकडे जातात. विजेच्या तारेवर मातकट रंगाचं एक पाखरू दिसतं आणि उडालं की निळ्याचे दोन-तीन प्रकार एकदम उघडतात. वर्धेकरांनी २०१८ मध्ये मतदान घेऊन त्याला आपला शहरपक्षी केलं. त्याच राष्ट्रीय अहवालाच्या २०२३ च्या आवृत्तीत त्याची घट ३० टक्क्यांहून अधिक नोंदली आहे, आणि त्याची जागतिक यादीतली श्रेणी पुन्हा तपासावी असं सुचवलं आहे. चिमणीचा दिवस आहे, भांडी आहेत, घरटी आहेत. नीलपंखाला तुम्ही आवारात काहीही ठेवून बोलावू शकत नाही. त्याला उघडं रान, नाकतोडे आणि पोकळ खोडाचं एखादं म्हातारं झाड लागतं. तिन्ही मिळण्याची आमच्याकडे एकच जागा होती, धुरा.

वऱ्हाडात दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. त्याच्यावर नांगर चालत नाही, म्हणून तिथे बोर, हिवर, बाभूळ, तरवड, रानतुळस आणि निंब असतात. धुऱ्यावरचे निंब बहुतेक कुणी लावलेले नाहीत. जून-जुलैत पिकलेली निंबोळी साळुंकी आणि बुलबुल खातात, धुऱ्यावरच्या काटेरी झुडपात येऊन बसतात, बी टाकतात. झुडपाच्या काट्यांमुळे रोप बकरीच्या तोंडातून वाचतं आणि दहा वर्षांनी तिथे सावली असते. त्या सावलीत डबा खाणारा शेतकरी सहसा वर बघत नाही. कापसाच्या पहिल्या वेचणीला बाया सीतादही करतात, दहीभात शिंपडतात, तो उचलायला त्याच झाडावरून साळुंकी उतरते.

आता धुरे कोरले जातात. दोन सरी जास्त मिळाव्यात म्हणून ट्रॅक्टर आणखी थोडा आत जातो. राहिलेल्यावर तणनाशक, आणि राहिलेच तर मे महिन्यात काडी. मी कुणाला नावं ठेवत नाही. दोन सरींचे पैसे शेतकऱ्याला कळतात आणि बोरीचे कळत नाहीत, कारण बोरीचे पैसे कुणी देत नाही. शासनानं पक्षी सप्ताह ठरवला आहे, ५ ते १२ नोव्हेंबर, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली ह्यांच्या जन्मदिवसांमधला. चितमपल्लींनी आमच्या मेळघाटातही वनाधिकारी म्हणून काम केलं, पक्ष्यांची गावोगावची नावं गोळा करून कोश केला, आणि २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. ह्या सप्ताहात शाळांतून पोस्टरं लागतात. मला विचाराल तर पोस्टराऐवजी मुलांना एखाद्या जुन्या धुऱ्यावर न्यावं आणि तासभर गप्प बसवावं. कठीण आहे, विशेषतः मास्तरांना.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावानं घागर भरतात. बुलडाण्यात भेंडवळला त्याच दिवशी घटमांडणी होते आणि पाऊसपाण्याचे अंदाज बांधले जातात. टिटवी आपली अंडी कुठे घालते त्यावरूनही म्हातारी माणसं पाऊस सांगतात. उंचावर घातली तर जास्त. अंदाज खरे ठरोत न ठरोत, टिटवीकडे लक्ष जातं हे चांगलं. ती नांगरलेल्या उघड्या रानात, ढेकळांच्या रंगाची चार अंडी घालते. ऊन चढलं की पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि अंड्यांवर येऊन बसते. माळावरची पखुर्डी तर त्याही पुढे जाते. नर पोटाच्या पिसांत पाणी शोषून घेतो आणि दुरून उडत येऊन पिल्लांना त्या पिसांतून चोखू देतो. शहानूरचं पाणी नळानं आणणारे आपण, आणि पिसांनी आणणारी ती, दोघांची अडचण एकच.

तेव्हा ज्यांच्याकडे अंगण किंवा गच्ची आहे त्यांनी होळीपासून मृगापर्यंत मातीचं उथळ परळ ठेवावं, गोडं पाणी भरावं, रोज घासावं. गावाला जाणार असाल तर शेजाऱ्याला सांगून जा. बियाण्याला औषध लावून उरलेले रंगीत दाणे बांधावर सांडू नका, मोर आणि तितर ते टिपतात आणि मरतात. आणि ज्यांच्याकडे शेत आहे त्यांना एवढंच म्हणणं आहे: धुरा पेटवू नका, निदान मार्चनंतर तरी नाही. टिटवी आणि तितर त्याच सुमारास जमिनीवर अंडी घालतात.